माझ्या नावावरचा फ्रिज मामाच्या घरी. तक्रार करू की गप्प बसू?

रानजाई | ९ मे, रात्री ११:२०

मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

बेसा रोडला एक टू-बीएचके पाहून ठेवलाय. टोकन दिलं, गृहकर्जाचा अर्ज टाकला. परवा बँकेतून फोन आला, "मॅडम, एकदा येऊन जा." गेले. समोरच्या मुलानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचे गुण, ५६१. कर्ज मिळायला कमी. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाचा उघडलाय तुम्ही. माझ्यावर आजवर एक रुपयाचं कर्ज नाही, क्रेडिट कार्डसुद्धा नाही. तर म्हणे दोन खाती आहेत. एक मे २०२२ चं, ३८ हजारांचं, हप्त्यावर वस्तू घेतल्याचं. दुसरं त्याच वर्षी दिवाळीनंतरचं, ६० हजारांचं, मोबाईल ॲपवरून काढलेलं. पहिल्याचे आठ हप्ते गेलेत, मग बंद. दुसऱ्याचे तीन.

घरी येऊन पूर्ण अहवाल उतरवून घेतला. पॅन माझं, जन्मतारीख माझी, पत्ता नंदनवनचा. नंदनवनला मी कधीच राहिले नाही, तिथे माझा मामा राहतो. पत्त्याखाली मोबाईल नंबर. शेवटचे चार आकडे पाहिले आणि पुढचं वाचवेना. हा नंबर मला पाठ आहे. मामेभावाचा. त्याला नोकरी नव्हती तेव्हा वर्षभर त्याचा रिचार्ज मीच मारत होते.

२०२१ मध्ये आजी दवाखान्यात होती, तेव्हा कागदपत्रांची सगळी धावपळ त्यानंच केली. आधार, पॅन, फोटो, सगळ्यांचं सगळं त्याच्या व्हॉट्सॲपवर. माझंही.

आता फ्रिजचं. मे २०२२ मध्ये मामाकडे नवीन फ्रिज आला. दोन दारांचा, मरून, दारावर पांढरी फुलं. मामी म्हणाली, पोरानं स्वतःच्या कमाईतून घेतला. मला आठवतंय, त्याला हळदीकुंकू मीच लावलं होतं. बाटलीतलं गार पाणी प्यायले, वर "वा, मस्त आहे" म्हणाले. स्वतःच्याच फ्रिजचं कौतुक.

आईला सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "माह्या भावाच्या दारात पोलीस नेशीन का वो तू?"

प्रश्न एवढाच आहे: पोलिसांत न जाता हे माझ्या नावावरून निघू शकतं का? बिल्डरला जूनअखेर उत्तर द्यायचंय.

तर्रीबाज | ९ मे, रात्री ११:३४

सगळ्यात आधी नवीन फ्रिजबद्दल अभिनंदन. बातमी तीन वर्षं उशिरा लागली, पण नागपूरच्या मे महिन्यात फ्रिज कधीही आला तरी वेळेवरच आला म्हणायचं.

सांबारवडी | ९ मे, रात्री ११:३९

तर्रीबाज, जागा पाहून बोलत जा बे. बाई टेन्शनमध्ये आहे.

तर्रीबाज | ९ मे, रात्री ११:४१

हाव, चुकलं. ताई, माफी. झोपा आता, सकाळी शहाणी माणसं येतील.

पासबुक | १० मे, सकाळी ६:१०

शहाणा आहे की नाही माहीत नाही, पण चौतीस वर्षं बँकेत काढली म्हणून लिहितो.

सगळ्यात पहिले, एकही हप्ता भरू नका. वसुलीवाल्याचा फोन येईल, "मॅडम, पाच हजार टाका, बाकीचं पाहू" म्हणेल. टाकलेत की कर्ज तुमचंच, असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. कोणी सेटलमेंट करून देतो म्हणालं तर ते त्याहून वाईट. अहवालात "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि गृहकर्ज देणारा तो शेरा वाचून फाईल बाजूला सारतो. मीच सारल्यात की.

तुम्ही एकाच कंपनीचा अहवाल पाहिलाय. अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघींकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा, एकीकडे न दिसलेलं कर्ज दुसरीकडे निघू शकतं. मग डिस्प्यूट टाका, म्हणजे "हे कर्ज माझं नाही" अशी हरकत. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पण सिबिलवाले आपल्या मनानं काहीच खोडत नाहीत. ते कर्ज देणाऱ्याला विचारतात आणि तो सांगेल तसं करतात. म्हणजे खरी लढाई त्याच्याशी.

आता ॲपवालं कर्ज. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांचे नियम काढले. त्यानुसार पैसे कर्जदाराच्याच बँक खात्यात जायला हवेत, काही ठरावीक अपवाद सोडून. तुमचं कर्ज दिवाळीनंतरचं. मग ते ६० हजार कोणाच्या खात्यात गेले? हे लेखी विचारा. माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे.

मोगरा_७२ | १० मे, सकाळी ९:०५

माझं बोलणं आवडणार नाही, तरी लिहिते. दोन्ही मिळून व्याजासकट लाख-सव्वालाख होत असतील. घर घ्यायला निघालीस म्हणजे तेवढे उभे करू शकतेस. भर आणि मोकळी हो. त्याच्याकडून हळूहळू वसूल कर. आईचं माहेर एकच असतं, ते गेलं की गेलं. तू चाळिशीच्या आतली असशील, तुला आज राग मोठा वाटतोय. मी माझ्या नणंदेशी एका सोन्याच्या गोफावरून एकोणीस वर्षं बोलले नाही. ती गेली. गोफ अजून लॉकरमध्ये आहे, कोणी घालत नाही.

सांबारवडी | १० मे, सकाळी ९:२२

मोगराताई, पासबुककाकांनी वरच लिहिलंय की भरू नका. आणि ती कोणत्या गुन्ह्याचा दंड भरून राहिली? रिचार्ज मारल्याचा?

मोगरा_७२ | १० मे, सकाळी ९:३०

वाचलं मी. कायद्याचं त्यांनी सांगितलं, घरातलं मी सांगतेय.

घुबड | १० मे, दुपारी १:१५

यात एक गोष्ट कोणी बोलत नाही. प्रत्येक खानदानात एक ओटीपीवाला पोट्टा असतो. बारावी-बीकॉम, थोडा रिकामा, मोबाईलमध्ये हुशार. आजीचं हयातीचं प्रमाणपत्र तोच काढतो, काकाचा पीएफ तोच पाहतो, गॅसचं बुकिंग, लाडकी बहीणचा फॉर्म, सगळं तोच. लग्नात पाहुण्यांना घ्यायला रेल्वे स्टेशनवर तोच जातो. सगळे म्हणतात "पोरगं कामाचं आहे", पण त्याला कोणी कामावर लावत नाही. सगळ्या घराचे आधार, पॅन, पासवर्ड त्याच्या फोनमध्ये पडून असतात. एक दिवस त्याला पैसे लागतात.

मी समर्थन करत नाही. मी स्वतः आमच्या घरचा तो पोट्टा होतो. माझ्याकडे आजही अकरा लोकांचे आधार आहेत. हा धागा वाचून आत्ता फोन उघडला आणि पुसायला बसलो. आत्याचा पॅन सापडला, २०१७ चा.

तर्रीबाज | १० मे, दुपारी १:२१

घुबडभाऊ, पुसायच्या आधी माझं ५००० चं पाहा ना, आत्याच्या नावावर.

घुबड | १० मे, दुपारी १:२२

आत्याचा सिबिल तुझ्यापेक्षा चांगला आहे, म्हणूनच देणार नाही.

दूरदेशी | १० मे, दुपारी ४:४८

न्यू जर्सीहून. इकडेही हा प्रकार घरातल्यांकडूनच होतो, आई-बाप लहान मुलांच्या नंबरावर कार्ड काढतात. पोरगं अठराचं होऊन कॉलेजचं कर्ज मागायला जातं तेव्हा कळतं. इथे आपण आपला क्रेडिट अहवाल फ्रीज करून ठेवू शकतो, म्हणजे आपण उघडेपर्यंत कोणीच नवीन कर्ज काढू शकत नाही. २०१८ पासून ते फुकट आहे. तिकडे असं काही नाही का?

तर्रीबाज | १० मे, दुपारी ४:५५

आमच्याकडे फ्रीज नावावर येतो, अहवाल फ्रीज होत नाही.

पासबुक | १० मे, सायं. ५:४०

दूरदेशी, इकडे निदान आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, फोनवरच्या आधार ॲपमधून किंवा यूआयडीएआयच्या साइटवरून. त्यानं अंगठा आणि डोळ्याची पडताळणी थांबते. आपलं आधार मागच्या सहा महिन्यांत कुठे कुठे वापरलं गेलं तेही तिथेच दिसतं. रानजाईताई, हे दोन्ही आज करा. शिवाय संचार साथीच्या साइटवर जाऊन तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही पाहा. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात, त्यामुळे एखादं जास्तीचं असलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

रानजाई | १० मे, रात्री १०:०२

सगळ्यांचे आभार. चारही अहवाल काढले. तिसरं कर्ज नाही, एवढं समाधान. सिम तीन निघाली, एक माझं, एक आईचं (मीच घेऊन दिलेलं) आणि एक तिसरंच. ते बंद करायची विनंती टाकलीय.

मोगराताई, राग नाही आला. खरं सांगू का, मला त्या लाखाचा राग येत नाहीये. तो दर राखीला यायचा, ताटात पाचशे टाकायचा. मी "कशाला रे एवढे" म्हणायचे.

भरउन्हात | ११ मे, रात्री १२:४७

इथे कधी लिहीत नाही, आज लिहितो.

माझ्या वडिलांनी माझ्या नावावर कर्ज काढलं होतं. मी एकोणीस वर्षांचा, पुण्यात शिकायला. ते इतवारीत किराणा मालाची दलाली करायचे, धंदा बसला होता. माझी सही त्यांनी केली आणि ती माझ्यापेक्षा चांगली जमली. "श" ला मी जो झोल देतो तो मी त्यांच्याच सहीवरून उचललेला, म्हणून असेल. मला कळलं सत्तावीसाव्या वर्षी, कारसाठी गेलो तेव्हा. पत्ता आमच्याच घरचा, त्यामुळे मी कोणावर बोट ठेवणार?

मी भरलं. चार वर्षं भरत होतो. त्यांना कधी सांगितलं नाही की मला माहीत आहे. तेही कधी बोलले नाहीत. पण त्या काळात दर रविवारी सकाळी ते स्वतः जाऊन माझ्यासाठी तर्री-पोहे घेऊन यायचे, कागदात गुंडाळून, तर्री वेगळ्या पिशवीत. आधी कधी आणले नव्हते. दोघंही गुपचूप खायचो.

ते गेले २०१९ ला. पासबुककाका म्हणतात भरू नका, बरोबर आहे त्यांचं. मी भरलं, तेही माझ्यापुरतं बरोबर होतं असं वाटतं. पण ते माझे वडील होते. मामेभावासाठी मी भरलं असतं का? नाही.

सांबारवडी | ११ मे, सकाळी ८:१०

आज पोह्याच्या गाडीवर उभी राहून हे वाचलं. दुसरी प्लेट नाही घेतली.

काळा_कोट | ११ मे, सकाळी ११:३०

नागपुरातच वकिली करतो. सल्ला म्हणून घेऊ नका, कागद पाहिल्याशिवाय वकील काही बोलत नसतो. तरी ढोबळ सांगतो.

दुसऱ्याचं ओळखपत्र, पासवर्ड, ई-सही फसवणुकीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. जोडीला तोतयेगिरी आणि फसवणूक. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला आली, पण कृत्य २०२२ चं आहे, म्हणून जुन्या दंड संहितेची कलमं लागतील: ४१९, ४२०, आणि खोटी सही निघाली तर ४६८.

आता आईंचा प्रश्न. ४१९ आणि ४२० न्यायालयाच्या परवानगीनं आपसात मिटवता येतात. ४६८ मिटत नाही, त्यासाठी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जावं लागतं. म्हणजे तक्रार दिली की भाऊ आयुष्यभर तुरुंगात सडेल, असं काही नाही. पण दिल्यावर दोर तुमच्या एकट्याच्या हातात राहत नाही, हेही खरं.

पोलिसांशिवाय निघू शकतं का? कायद्यात तशी मनाई नाही. व्यवहारात कर्ज देणारा पहिला प्रश्न विचारतो, "तक्रारीची प्रत कुठे?" त्याच्या बाजूनं पाहा. कर्ज बुडवायचं असलं की कोणीही म्हणेल, हे माझं नाही. म्हणून आधी दोन्ही कंपन्यांकडे लेखी मागणी करा: करारनामा, केवायसीची कागदपत्रं, अर्जाच्या वेळी काढलेला फोटो, वस्तू पोचवल्याचा पत्ता, पैसे जमा झालेलं खातं. हे हातात आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. भावालाही आत्ता काही सांगू नका.

रानजाई | ११ मे, सकाळी ११:५२

शेवटचं वाक्य उशिरा आलं. आईनं काल रात्रीच मामाला फोन केला.

तर्रीबाज | ११ मे, सकाळी ११:५३

आई या खात्यात कोणतंच एन्क्रिप्शन चालत नाही.

झिरोमैल | ११ मे, दुपारी २:२०

मला या सगळ्याचं नवल वाटत नाही. ओळख चोरणं वगैरे नावं नवीन आहेत, धंदा जुना. आपल्या विदर्भात बहिणीच्या नावाच्या सह्या भाऊ पिढ्यान्‌पिढ्या ठोकत आलेत. सातबाऱ्यावरून बहिणींची नावं कशी गळतात? "ये बाई, जरा तहसीलमध्ये अंगठा दे" म्हणून. २००५ ला कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला, तर लगेच हक्कसोडपत्रांची रांग लागली. साडीचोळी देऊन एकर सोडवून घेतात. फरक एवढाच की ते कोणी सिबिलला कळवत नाही.

विहीरकाठ | ११ मे, दुपारी २:४१

हक्कसोड आणि फसवणूक एक नाही हो. माझ्या आईनं राजीखुशीनं सही केली. तिला विचारून केलं होतं सगळं.

झिरोमैल | ११ मे, दुपारी २:४९

विचारलं होतं की सांगितलं होतं?

विहीरकाठ | ११ मे, दुपारी ३:०६

तुम्ही आमच्या घरात होते का? काटोलकडे संत्र्याची बाग सांभाळणं म्हणजे काय ते माहीत आहे का? पाणी कोण आणतं, मृग बहाराला रात्र-रात्र जागतं कोण? जमीन कागदावर वाटली म्हणून बाग जगत नसते.

झिरोमैल | ११ मे, दुपारी ३:१५

हेच. प्रत्येक भाऊ हेच म्हणतो. "मी सांभाळतो, म्हणून माझं." रानजाईंचा मामेभाऊही हेच म्हणेल बघा: आजीचं दवाखान्यातलं मीच पाहिलं.

सांबारवडी | ११ मे, दुपारी ३:३०

तुम्ही दोघं वेगळा धागा काढा आणि तिथे भांडा. मीपण येईन, माझंही एक शेत आहे. इथे बाईला उत्तर मिळू द्या.

कवठ | १२ मे, सकाळी १०:४०

जरा वेगळा प्रश्न. आमच्या काकूच्या नावावर शेजारणीनं बचत गटातून कर्ज उचललं. काकूनं स्वतः सही केली, अंगठा दिला, कारण "हप्ता मी भरीन, नाव फक्त तुझं". शेजारीण उमरेडला निघून गेली. यालाही हेच म्हणायचं का?

काळा_कोट | १२ मे, सकाळी ११:१५

नाही. काकूंनी समजून-उमजून सही केली, तर कंपनीच्या लेखी कर्जदार काकूच. शेजारणीवर त्यांचा दावा वेगळा. इथला मुद्दा हा की रानजाईंना काहीच माहीत नव्हतं. म्हणूनच त्यांनी आज एक हप्ता भरला तरी त्यांची आणि काकूंची गोष्ट एक होऊन जाईल.

रानजाई | २९ मे, रात्री ११:५०

उशीर झाला, मन नव्हतं. काय काय झालं ते लिहिते.

आईच्या फोननंतर मामा स्वतः आला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, भर दुपारी, डोक्याला ओला रुमाल बांधून, नंदनवनहून दुचाकीवर. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाला, "मले माहीत नव्हतं, माय." मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. भाऊ आला नाही. त्याचा मेसेज आला: "ताई मी सगळं भरतो दोन महिन्यात प्लीज पोलीस नको." विरामचिन्हं नाहीत, माफी नाही. झिरोमैल, तुमचं भाकीत खरं ठरलं, पुढचा मेसेज होता: "आजीच्या वेळेस कोण होतं सांग."

वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे लेखी कागद मागितले. ॲपवाल्यांचे ६० हजार भावाच्या स्वतःच्या खात्यात गेलेत. पासबुककाका, नमस्कार घ्या.

आणि फ्रिजवाल्यांकडून फाईल आली. त्यात दुकानात काढलेला फोटो आहे. मी तो रात्री एकटीनं उघडला. बाई आहे. डोक्यावरून, तोंडावरून ओढणी घट्ट बांधलेली, आपण सगळ्याच उन्हाळ्यात बांधतो तशी, फोटोपुरती नाकाखाली ओढलेली. माझं आधार हातात धरलंय. ओढणीवर चिंचोक्यांची नक्षी. ती ओढणी मी वहिनीला दिली होती, तिच्या पहिल्या सणाला.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "हे म्हणाले ताईंनी हो म्हटलंय, त्यांना सुट्टी नाही म्हणून तू फक्त उभी राहा." मग रडायला लागली. मी काय बोलले आठवत नाही. तिला दोन वर्षांची मुलगी आहे.

आता सांगा. तक्रार दिली तर तो फोटो तिचा आहे. भावाचा नाही.

मोगरा_७२ | ३० मे, सकाळी ७:००

अगं बाई.

पुणेकर_नाइलाजाने | ३० मे, सकाळी ९:१५

तक्रार "अज्ञात व्यक्तीविरुद्ध" द्या ना. कागद पण होईल आणि घरचं नावही येणार नाही. आमच्या सोसायटीत एकानं असंच केलं.

काळा_कोट | ३० मे, सकाळी १०:०५

कृपया असं करू नका. त्यांना माहीत आहे कोण ते. पोलिसांना मुद्दाम खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि नंबर, पत्ता, बँक खातं सगळं फाईलमध्ये आहे. तपास अधिकारी चहा संपायच्या आत नंदनवनला पोचेल. मग पहिला प्रश्न रानजाईंना, की तुम्ही लपवलं का?

जे माहीत आहे ते सगळं लिहा, पण जे माहीत आहे तेवढंच. "कर्ज मी घेतलेलं नाही, अर्जावरचा नंबर अमुक व्यक्तीचा, रक्कम अमुक खात्यात गेली, फोटोतली व्यक्ती मी नाही." वहिनीनं फोनवर जे सांगितलं तेही लिहा. ते तिच्या विरोधात नाही, उलट तिच्या बाजूनं जाऊ शकतं. फसवणुकीला फसवण्याचा हेतू लागतो. तिला खरंच तसं सांगितलं गेलं असेल तर तीही फसलेलीच.

भरउन्हात | ३१ मे, रात्री १२:२०

रानजाई, मी परत वाचलं. मी वडिलांना कधीच विचारलं नाही हे मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं. आता वाटतं, विचारायला हवं होतं. कर्ज भरलं असतं तरी विचारायला हवं होतं. एवढंच.

पासबुक | ३१ मे, सकाळी ६:०५

कंपनीकडे तक्रार करून ३० दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ऑनलाइन, फुकट, वकील लागत नाही. बऱ्याच वित्त कंपन्याही त्यात येतात. ॲपवाल्यांना फक्त एवढंच लिहा: कर्ज या बाईंच्या नावे, पैसे त्या माणसाच्या खात्यात, कसे? त्यांना उत्तर देता येणार नाही.

रानजाई | १० ऑगस्ट, रात्री ९:३०

बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून शेवटचं लिहिते.

तक्रार दिली. जून महिन्यात, वकीलसाहेबांनी सांगितलं तशी, सगळं लिहून. आई पोलीस ठाण्यात सोबत आली. मी म्हटलं नव्हतं. बाकावर बसून राहिली, पर्स मांडीवर धरून. हवालदारानं अर्ज वाचताना विचारलं, "मामेभाऊ म्हणजे सख्ख्या मामाचा?" माझ्याआधी आई म्हणाली, "हो, माझ्या सख्ख्या भावाचा." ठाण्यात ती शुद्ध बोलते.

पुढचं अजून चालू आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. वहिनीनं स्वतः जबाब दिला.

ॲपवालं कर्ज लोकपालाकडे तक्रार गेल्यावर तीन आठवड्यांत काढलं. फ्रिजवाल्यांनी तक्रारीची प्रत आणि फोटो पाहून काढलं. मग मी मोठ्या आनंदानं नवा सिबिल काढला. आला उणे एक. बँकेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमच्या नावावर आता काहीच इतिहास नाही, त्यामुळे स्कोरच नाही." बेसाचा फ्लॅट गेलाच होता. टोकनातले दहा हजार बिल्डरनं कापले.

काल राखी होती. सकाळी दहाला खाली टेम्पोचा हॉर्न. दोन माणसं फ्रिज उतरवत होती. मरून, दारावर पांढरी फुलं. मामानं पाठवला, भाड्याचे पैसेही त्यानंच दिलेले. सोबत कोणी नाही. माणसं विचारत होती, "ताई, कुठे ठेवायचा?" आई आतून बाहेर आलीच नाही, म्हणून जिन्याखाली ठेवायला लावला.

संध्याकाळी उघडून पाहिला. भाज्यांच्या कप्प्यात मामीची लिंबाच्या लोणच्याची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. बाकी रिकामा.

काळा_कोट | १० ऑगस्ट, रात्री ९:४४

फ्रिज वापरू नका. प्लगसुद्धा लावू नका. उद्या सकाळी तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा की तो तुमच्याकडे पाठवला गेला आहे, आणि आज रात्रीच त्याचे फोटो काढून ठेवा.

तर्रीबाज | १० ऑगस्ट, रात्री ९:४६

वकीलसाहेब, आणि लोणच्याचं काय?

काळा_कोट | १० ऑगस्ट, रात्री ९:५१

लोणच्याचाही फोटो काढा.

रानजाई | १० ऑगस्ट, रात्री १०:१५

उशीर झाला. आईनं बरणी वर आणून ताटात वाढलंय.